बंडूच्या कानातला बिल्ला

कुत्र्याचा विमा उतरवण्यासाठी माणसानं किती हेलपाटे घालावेत याला काही मर्यादा असते की नाही? मी कराडला गेलो, साताऱ्याला गेलो, सांगलीला तर इतक्यांदा गेलो की स्टँडवरचा भडंगवाला मला बघून आपणहून पुडा बांधायला लागला. आणि कुत्रं माझं नव्हतं. मला कुत्री आवडतही नाहीत. हे सगळं माझ्यामागं लागलं ते वाघमारे सिस्टरांमुळं. आज इतक्या वर्षांनीसुद्धा त्यांची आठवण निघाली की आधी माझं डोकं तापतं आणि मग बाकीचं आठवतं.

नव्वदनंतरची ती पहिली काही वर्षं. मी उंब्रजला प्राथमिक शाळेत मास्तर होतो. घरात आयुर्विम्याची एजन्सी होती, ती माझ्या बायकोच्या, मालतीच्या नावावर. शिक्षकाला असला जोडधंदा करता येत नसे, म्हणून एजन्सी बायकोची आणि पायपीट नवऱ्याची अशी तेव्हा गावोगाव पद्धत होती. आमच्या शाळेतल्या तिघांच्या बायका एजंट होत्या आणि तिघींपैकी एकीनंही कधी कुणाच्या दारात जाऊन हप्ता मागितला नव्हता. आमच्या दारावर एजन्सीची छोटी पाटी होती. ती वाचून एका रविवारी सकाळी सिस्टर आत आल्या.

आधी कुत्रं आलं. कुत्रं कसलं, माझ्या कमरेला लागेल एवढं करड्या रंगाचं धूड. ते कुणाची परवानगी न घेता कॉटवर चढलं आणि मालतीनं चादरीवर पसरलेल्या पापडांशेजारी ऐसपैस बसलं. मालती किंचाळली. पाठोपाठ एक बुटक्या, रुंद बांध्याच्या बाई आल्या. पांढरी साडी, घट्ट अंबाडा, पायात रबरी सपाता, काखेत फुगलेली काळी पर्स. समोरच्या आरोग्य केंद्रात नवीन नर्स बदलून आल्यात एवढं मी ऐकून होतो.

"भिऊ नका वहिनी, तेला पापड देत न्हाई मी. मीठ लय असतंय," असं मालतीला सांगून त्या माझ्याकडं वळल्या. "गुरुजी तुमीच न्हवं? इमा करता न्हवं तुमी? ह्याचा करा."

"सिस्टर, आम्ही माणसांचे विमे करतो."

"मग कुत्र्याचं कोन करतंय?"

"मला माहीत नाही."

"मग इचारून ठेवा. मी बुधवारी येते."

आणि गेल्या. कुत्रं मागं राहिलं, त्यानं एक पापड खाल्ला, मग तेही गेलं. बुधवारी त्या खरोखर आल्या.

सिस्टर मूळच्या कुंडलच्या. लग्न केलेलं नव्हतं. घरी थकलेली आई आणि भावाची तीन मुलं, त्यांचं सगळं सिस्टरांच्या पगारावर. खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली स्टोव्ह, आणि त्या स्टोव्हवर सदा काहीतरी उकळत असायचं. सुया उकळायच्या, फडकी उकळायची, कुत्र्याचं, म्हणजे बंडूचं, पातेलंसुद्धा उकळायचं. बुद्धपौर्णिमेला त्या गल्लीभर खीर वाटत, पण पहिली वाटी बंडूची. हे बघून एकदा कुणीतरी नाक मुरडलं, तर म्हणाल्या, "त्यो वर्सभर तुमच्या दाराची राखन करतोय. तुमी कुनाची करता?"

कुत्र्याचं नाव बंडू कसं, हे मी त्यांना विचारलं होतं. आधी त्या महाबळेश्वरला नोकरीला होत्या. तिथं पावसाळा लागला की हॉटेलं बंद होतात, भिंतींना गवताचे तट्टे बांधतात आणि मालक खाली निघून जातात. असाच एक मुंबईचा हॉटेलवाला, गिऱ्हाइकांच्या पोरांना खेळायला म्हणून त्यानं ऐटीत हे परदेशी जातीचं पिल्लू आणलेलं. नाव ब्रूनो, त्याचा सिस्टरांच्या तोंडी पुढं बंडू झाला. हंगाम संपेपर्यंत पिल्लाचा घोडा झाला, तेव्हा त्याला पोर्चमध्ये बांधून मालक गेला. रखवालदार ताप आला म्हणून दवाखान्यात आला आणि गोळ्या घेता घेता बोलून गेला, की ते कुत्रं काय पाऊस काढत न्हाई. सिस्टर ड्यूटी संपल्यावर इरलं पांघरून गेल्या आणि साखळी सोडून त्याला घेऊन आल्या. पुढच्या हंगामात मालक परत आला, बघतो तर कुत्रं तुकतुकीत. म्हणाला, माझं मला द्या.

"म्या म्हनलं, देते की. आजारी पडल्यावर काय करनार? सोय काय केलीया?" सिस्टर सांगत होत्या. "तर हसला. म्हनला, बाई, मेलं तर दुसरं आनू. म्या दार लावून घेतलं."

'सोय' हा सिस्टरांचा शब्द. दवाखान्यात पेशंट आला की त्या आधी नाडी बघायच्या आणि लगेच सोबतच्या माणसाकडं वळून विचारायच्या, "साताऱ्याला न्यायला लागलं तर सोय हाय का?" माणसं चिडायची. पेशंट अजून खाटेवर पडलाही नाही आणि ही बाई पैशाचं विचारते! मीही एकदा त्यांना तसं बोललो. त्या चिडल्या नाहीत. हातातली पट्टी गुंडाळत म्हणाल्या, "गुरुजी, तुमी खाटेवरचं मानूस बगता. मी वीस-पंचवीस वर्सं व्हरांड्यातली मानसं बगतीया. आत बाई बाळंतपनात अडलेली आनि भाईर तिचा नवरा ह्याच्याकडं पळ, त्याच्याकडं पळ. सासू कानातली काढून हातात घिऊन बसलेली, सराफाचं दुकान कवा उघडंल म्हनून. औषद व्हतं, डाक्टर व्हता, गाडी व्हती, आनि मानूस गेलं, कारन व्हरांड्यात सोय नव्हती. मी काय व्हरांड्यात उभी ऱ्हानार न्हाई. आधी सोय, मग रडनं."

एकदा हे ऐकल्यावर मला नाही म्हणता येईना. तिथंच मी फसलो.

बंडूचं आजारपण म्हणजे चेष्टा नव्हती. आमच्याकडचा जनावरांचा दवाखाना गाई-म्हशींचा. डॉक्टर भला माणूस, पण सगळा दिवस मोटारसायकलवरून वाड्यावस्त्या करायचा. बंडूला एकदा जंताचं औषध द्यायचं होतं, तर डॉक्टर म्हणाले, वजनावर डोस असतो, वासराएवढं धरू का शेळीएवढं? सिस्टर म्हणाल्या, धरायचं कशाला, मोजू. मग आमची वरात बाजारातल्या धान्याच्या दुकानात. पोती मोजायच्या काट्यावर बंडूला बसवला. तो बसेना. मग सिस्टर स्वतः त्याला कवटाळून काट्यावर चढल्या, आणि मग एकट्या चढल्या, वजाबाकी करायची म्हणून. अख्खा बाजार बघायला जमला. दुकानदारानं सिस्टरांचं वजन मोठ्यानं वाचलं, त्याबद्दल त्याला जे ऐकून घ्यावं लागलं ते मी इथं लिहीत नाही.

खाण्याचा प्रश्न रफीकभाईंनी सोडवला होता. त्यांचं स्टँडमागं मटणाचं दुकान. सिस्टरांनी त्यांच्या सुनेचं अवघड बाळंतपण सोडवलं होतं, तेव्हापासून हाडं आणि छाट बाजूला ठेवलेली असायची. पण औषधपाणी मोठ्या जनावराचं मोठंच. एक साधी गळवावरची सुई दिली तर ती माणसाच्या दुप्पट. सिस्टर म्हणायच्या, आज सुई हाय, उद्या चिरफाड आली तर? म्हणून विमा.

आता विम्याचं ऐका. कराडला म्हणाले, जनावरांचं काम साताऱ्याला. साताऱ्याला म्हणाले, ते काम बघणारे साहेब सांगलीला बदलून गेले, फायली त्यांच्याकडंच. हे असं कसं, असं मी विचारलं तर कारकुनानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की जणू मीच साहेबांची बदली केली. सांगलीला पहिल्या खेपेला साहेब जेवायला गेलेले, दुसऱ्या खेपेला दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेला सिस्टर स्वतः आल्या, बंडूसकट. एस.टी.त कुत्रं घेईनात, म्हणून रफीकभाईंच्या टेम्पोतून. मी मागं बंडूजवळ बसलो होतो. टेम्पोला शेळ्यांचा वास होता आणि बंडूला तो आवडला होता, एवढंच सांगतो.

साहेब बिचारे सभ्य होते. त्यांनी बंडूला बघितलं, खुर्ची थोडी मागं घेतली आणि फॉर्म काढला. फॉर्म गाई-म्हशींचाच होता, दुसरा नव्हता. ते विचारत गेले आणि सिस्टर उत्तरं देत गेल्या.

"शिंगांचा आकार?"

"बगा की. समोर हाय."

"तसं नाही हो, रकाना भरावा लागतो. दूध किती?"

"दोन टाइम. पितोय, देत न्हाई."

सगळं भरून झाल्यावर साहेब म्हणाले, जनावराची ओळख पटायला कानात बिल्ला मारावा लागेल, पितळी, नंबर घातलेला. बिल्ला नाही तर क्लेम नाही, हा नियम. सिस्टरांनी ते मान्य केलं. दवाखान्यातसुद्धा बाळाच्या हाताला पट्टी बांधतातच, म्हणाल्या. मग त्यांनी त्यांचा प्रश्न विचारला, ज्यासाठी एवढा घोडा-टेम्पो करून आलो होतो.

"आजारी पडला तर किती देता?"

साहेबांनी चष्मा काढला. "आजारपणाला नाही, मॅडम. मेल्यावर. जनावर दगावलं की ठरलेली रक्कम मिळते."

"आनि जगवायला?"

"जगवायला काही नाही."

सिस्टरांनी फॉर्म स्वतःकडं ओढला आणि शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "म्हंजी ह्यो मेला तर मला पैसं, आनि जगला तर खर्च माझा."

"जनावर म्हणजे शेवटी मालमत्ता असते ना मॅडम. मालमत्तेचं नुकसान झालं की भरपाई. सगळीकडं असंच आहे. मी तरी काय करणार?"

साहेब खरंच काही करू शकत नव्हते, हेच मला जास्त चीड आणणारं होतं. एखादा लबाड माणूस समोर असता तर भांडलो तरी असतो.

मला वाटलं, आता सिस्टर उठतील. पण त्यांनी विमा उतरवला. म्हणाल्या, काहीच नसल्यापरीस असू दे, निदान मूठमातीची सोय. दुसऱ्या आठवड्यात आमच्या डॉक्टरांनी बंडूच्या उजव्या कानात बिल्ला मारला. म्हशीच्या कानाचं ते माप. बंडूचा कान मऊ, लोंबता, त्यात तो पितळेचा जड तुकडा. चार दिवसांत कान सुजला, पू धरला. मग मलम, सुया, पट्ट्या. म्हणजे विम्यामुळं आजारपण आलं आणि त्या आजारपणाला विमा नाही! मी हे सिस्टरांना म्हणालो तर त्यांनी मला बंडूचं डोकं घट्ट धरायला लावलं आणि कान धुतला. ती जखम पुरती कधी भरलीच नाही. बिल्ल्याच्या ओझ्यानं भोक ओघळत ओघळत कानाच्या कडेपर्यंत आलं.

विम्यानं असा हात दाखवल्यावर सिस्टरांनी भिशी काढली.

भिशी आमच्याकडं गल्लोगल्ली चालते. दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेले पैसे टाकायचे, चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव निघेल त्यानं सगळा गल्ला उचलायचा. पाळीपाळीनं सगळ्यांना मिळतो. सिस्टरांची भिशी जनावरांची. ज्याच्या घरी म्हैस, शेळी, कुत्रं, बैल असेल तो सभासद. पैसे सगळ्यांनी टाकायचे, पण चिठ्ठी नाही. ज्याचं जनावर आजारी पडेल त्याला उपचारापुरते द्यायचे, उरलेले साठू द्यायचे. त्यांनी हे आमच्या ओट्यावर बसून सगळ्यांना समजावून सांगितलं. माना डोलल्या. मला वाटलं, या बाईनं सांगलीच्या साहेबाला जमलं नाही ते करून दाखवलं.

पहिले पाच-सहा महिने बरे गेले. एकाच्या बैलाचं खूर चिघळलं, त्याला दिले. एका शेळीच्या पोटात अडलं, तिला दिले. आणि मग ती ऐतिहासिक तक्रार आली. समोरच्या हौसाबाई भर गल्लीत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"सिस्टर, माजी म्हस काय आजारीच पडंना!"

"मग चांगलंच की, हौसाबाई."

"काय चांगलं? सा म्हैनं झालं, पैसं भरतीया न्हवं मी? समद्यांस्नी मिळालं. माजा नंबर कवा?"

"नंबर न्हाई त्यात. म्हस आजारी पडली तर मिळनार."

"आवं, ती पडतच न्हाई न्हवं! लय दांडगी हाय. मग मी काय तिच्या चांगुलपनाचा दंड भरायचा व्हय?"

याच्यावर काय बोलणार? मी मास्तर माणूस. मी फळा-खडूच्या थाटात समजावलं की तुमची म्हैस ठणठणीत आहे हाच तुमचा फायदा. हौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यो फायदा कशात घालून आनू?" लोक हसले. आणि हसले तिथंच भिशी संपली, हे मला तेव्हा कळलं नाही.

कारण मग सगळ्यांची जनावरं आजारी पडायला लागली. एक जण लंगडी कोंबडी घेऊन आला. एकीची शेळी म्हणे रात्रभर खोकते. सिस्टरांनी शेळीला थर्मामीटर लावला, छातीला कान लावला आणि जाहीर केलं, "शेळी नॉर्मल हाय. तुमी घरी जावा." मालकीणबाई महिनाभर बोलल्या नाहीत. दिवाळीच्या तोंडावर सगळे हौसाबाईंच्या ओट्यावर जमले आणि ठरलं, की भिशी म्हणजे भिशी, चिठ्ठ्या टाका. हात वर करून मतं घेतली. सिस्टरांच्या बाजूनं दोन हात, एक त्यांचा आणि एक रफीकभाईंचा. माझं जनावर नव्हतं, मला मत नव्हतं.

चिठ्ठी निघाली ती हौसाबाईंच्याच नावाची. सिस्टरांनी गल्ला त्यांच्या ओटीत घातला. "घ्या. पन आता ही भिशी झाली. सोय न्हाई ऱ्हायली," एवढंच म्हणाल्या. हौसाबाईंनी मिक्सर आणला. दिवाळीत गल्लीभर त्याची घरघर ऐकू येत होती.

आणि दिवाळी उलटून थोडे दिवस झाले नाहीत तोच बंडू आडवा झाला.

हायवेच्या कडेला भाजक्या कणसांच्या गाड्या लागायच्या. लोक दाणे खाऊन कणसं फेकायचे. त्यातलं एक बंडूनं आख्खंच गिळलं होतं. दोन दिवस ओकत होता, तिसऱ्या दिवशी पाणीही पोटात राहीना. आमच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, आतडं चोंदलंय, पोट उघडावं लागेल, माझ्याकडं तसलं सामान नाही. खंबाटकीचा घाट उतरल्यावर जनावरांचा मोठा दवाखाना आहे, तिकडं न्या, उशीर करू नका.

आरोग्य केंद्राची गाडी दारात उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, सिस्टर, बसवा मागं, कोन बगतंय? सिस्टरांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "ती मानसांची गाडी हाय. एखादी अडलेली बाई आली तर तिला काय सांगू?" शेवटी रफीकभाई बाजार सोडून टेम्पो घेऊन आले. मी शाळेत निरोप पाठवला आणि पुन्हा त्या शेळ्यांच्या वासात बसलो. या वेळी बंडूला वासाचं काही नव्हतं. त्याचं डोकं सिस्टरांच्या मांडीवर होतं आणि साताऱ्याच्या पुढं गेल्यावर त्यांनी पदर त्याच्या डोळ्यांवर ओढला.

तिथल्या डॉक्टरांनी तपासलं. शस्त्रक्रिया करू, म्हणाले, जगण्याची आशा निम्मी. दवाखान्याची फी किरकोळ, पण भुलीचं औषध, सलाईन, टाक्याचा दोरा, इंजेक्शनं, सगळं बाहेरून आणायचं, आणि एवढ्या मोठ्या कुत्र्याला सगळंच जास्त. आणा, तोवर मी तयारी करतो. सिस्टरांना काय काय लागेल ते पाठ होतं. नव्हते ते पैसे. पगार दोन महिने अडकलेला, होते नव्हते ते दिवाळीला कुंडलला पाठवलेले, आणि बाकीचे हौसाबाईंच्या स्वयंपाकघरात घरघरत होते. माझ्या खिशात येण्याजाण्याचे, रफीकभाईंकडं डिझेलचे.

आम्ही व्हरांड्यात उभे होतो. बंडू फरशीवर पडलेला. मी सिस्टरांच्या तोंडाकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं. जन्मभर ज्या जागेला ती बाई भ्यायली, तिथंच तिला आणून उभं केलं होतं, आणि तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं ते मला आजही कुणी सांगावं. विमा उतरवला होता. भिशी काढली होती. मला असा संताप आला की तिथल्या खांबावर डोकं आपटावंसं वाटलं.

शेजारी एक शेतकरी गाय घेऊन बसला होता. वयस्कर, पटकेवाला, बोलायला मायाळू. त्याची नजर बंडूच्या कानाकडं गेली.

"बाई, बिल्ला हाय की ह्येच्या कानात. इमा उतरलाय न्हवं?"

"व्हय."

"मग कशापायी चिरफाड करतायसा? म्हाताऱ्याचं ऐका. दोन दिसांत त्यो आपसूक सुटंल. इमा मिळंल, त्यात तसलंच दुसरं पिल्लू येतंय. उगंच तेलाबी तरास, तुमालाबी."

तो वाईट बोलत नव्हता. जगाचा हिशेबच तो सांगत होता, आणि हिशेब चोख होता. सिस्टर खाली बसल्या. पर्स उघडली. त्या पर्समध्ये सदा पट्टीचा गुंडाळा, कापूस आणि छोटी कात्री असायची. त्यांनी बंडूचा कान हातात घेतला. बिल्ला कडेशी, सुतभर कातड्यावर लोंबत होता. एकदाच कात्री चालवली. बंडूनं डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. सिस्टरांनी कापूस दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं बिल्ला माझ्यासमोर धरला. त्याला थोडं रक्त लागलं होतं.

"गुरुजी, धरा. बिल्ला न्हाई तर क्लेम न्हाई, सायेबच म्हनलं व्हतं." मग त्या पटकेवाल्याला म्हणाल्या, "दादा, आता ह्येच्या मरनात कुनाचा फायदा ऱ्हायला न्हाई. आता मला फकस्त जगवायचं बोला."

सिस्टरांनी गळ्यातली सोन्याची चेन काढली आणि रफीकभाईंच्या हातावर ठेवली. "भाई, बाजारात जावा. काय येतंय ते घ्या, घासाघीस करत बसू नका." रफीकभाई पळत गेले. अगदी तसेच, जसे ते सगळे नवरे आणि भाऊ पळत जात असतील.

बंडू जगला. डॉक्टरांनी ते कणीस एका ताटलीत आणून दाखवलं, जवळजवळ आख्खं. सिस्टर आठवडाभर तिथंच राहिल्या, टाके स्वतः पुसत. परत आल्या तेव्हा हौसाबाई खोक्यासकट मिक्सर घेऊन दारात आल्या. "सिस्टर, हे इकून टाका. मला गोड लागंना त्येच्यातलं."

"घरी न्या हौसाबाई. चटनी वाटा," सिस्टर म्हणाल्या. रागानं नव्हे, थकून. ती चेन पुढं मी त्यांच्या गळ्यात पुन्हा पाहिली नाही.

बिल्ला परत करून विमा बंद करावा म्हणून मी सांगलीला गेलो. हो, पुन्हा. साहेबांनी बिल्ला उलटसुलट करून बघितला आणि माझ्या हातात परत दिला. म्हणाले, जनावर मेल्याशिवाय बिल्ला जमा करून घेता येत नाही. मी म्हणालो, मग जिवंत आहे म्हणून लिहून घ्या. म्हणाले, त्याला रकाना नाही. बिल्ला अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

वर्षभरात सिस्टरांची बदली झाली, त्यांच्या गावाजवळ, कुंडलच्या बाजूला. सामान मोजकंच, पण बंडूसाठी ट्रक करावा लागला. पोट उघडल्यापासून त्याला उडी मारवत नव्हती. चौघांनी उचलून त्याला केबिनमध्ये बसवला. गल्ली सगळी बाहेर होती. सिस्टर ड्रायव्हरशेजारी चढल्या, पर्स मांडीवर घेतली आणि डोकं बाहेर काढून हाक मारली, "हौसाबाई, म्हस कशी हाय?"

"बरी हाय की सिस्टर!" हौसाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"बरी ऱ्हाऊ दे."

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काहीतरी काम सांगणार. सवयीनं मी वैतागायच्या तयारीतच होतो.

"गुरुजी, तुमचा सोताचा इमा हाय का?"

"आहे की. मोठा आहे."

"मेल्यावरचा?"

"हो."

"आनि जित्तेपनीची सोय?"

मागं दारात मालती उभी होती. मी तिच्याकडं बघितलं. अर्ध्या तालुक्याला मी विमे विकले होते. सिस्टरांनी उत्तराची वाट पाहिली नाही. "इचार करून ठेवा," त्या म्हणाल्या, आणि ड्रायव्हरला चल म्हणाल्या.

ट्रक हायवेला लागला. खिडकीतून बंडूनं डोकं बाहेर काढलं होतं, आणि वाऱ्यावर त्याचा फाटका कान लांबपर्यंत फडफडताना दिसत होता.